जाजमाचं दुसरं टोक

माझे वडील ज्या बाईसाठी घर सोडून गेले, ती बाई गेल्या पावसाळ्यापासून आमच्या घरात आहे. तिला आईने आणलं, आणि आणताना मला विचारलं नाही. या दोन गोष्टींपैकी कशाचा राग जास्त, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

घर पुणतांब्याच्या अलीकडच्या एका गावात आहे. ख्रिस्ती वस्तीत, चर्चच्या मागच्या गल्लीत. आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती; निवृत्त होऊन तिला बरीच वर्षं झाली. वडील साखर कारखान्यात फिटर होते. मी प्राथमिक शाळेत असताना ते एका गळीत हंगामाला श्रीगोंद्याकडच्या कारखान्यावर गेले आणि तिकडेच, काष्टीत राहिले. काष्टीच्या आठवडे बाजारात एक विधवा बाई बांगड्यांचं दुकान लावायची. तिच्याकडे राहिले. पहिल्या नाताळला ते घरी आले तेव्हा माझ्यासाठी हिरव्या बांगड्या आणल्या होत्या. मी त्या हौसेने घातल्या, वस्तीभर दाखवल्या. त्या कुठल्या दुकानातल्या होत्या हे आईला कळलं असणार. तिने त्या काढायला लावल्या नाहीत. पुढच्या नाताळला ते आले नाहीत.

ते वारल्याचं आम्हाला तिऱ्हाईताकडून कळलं, सगळं उरकल्यावर. आमच्यात पुरतात. त्यांना काष्टीत जाळलं होतं. फुलं ठेवायला कबरसुद्धा राहू दिली नाही त्या बाईने, असं मी आईला म्हणाले. आई वाटाणे सोलत होती. ती सोलत राहिली.

मागच्या पावसाळ्यात एका सकाळी आई न कळवता नगरला आली. मी तिथे एका दैनिकात जिल्ह्याचं पान बघते. स्टँडवरून तिचा फोन आला म्हणून गेले, तर ती चौकशीच्या खिडकीजवळ पिशवी मांडीवर घेऊन बसलेली.

“चल, सिव्हिलला जायचंय.”

“कोण ॲडमिट आहे?”

“रिक्षा तर थांबव.”

रिक्षात बसल्यावर तिने सांगितलं. काष्टीहून त्या बाईच्या शेजारणीचा फोन आला होता. तिने आईच्या जुन्या शाळेतून नंबर मिळवला होता. त्या बाईला लकवा मारला होता, पुतण्यांनी नगरला आणून टाकलं आणि ते परत फिरकले नव्हते.

“मग तू तिची कोण?” मी विचारलं.

“फोनवर मीही हेच विचारलं.”

“मग?”

“शेजारीण म्हणाली, दुसरं कुणी नाहीच.”

“थांबवा रिक्षा,” मी म्हणाले. रिक्षावाल्याने आरशातून मागे पाहिलं. आई त्याला म्हणाली, “तुम्ही चला हो.” तो चालला.

इतक्या वर्षांत त्या बाईचं एक चित्र मी मनात तयार करून ठेवलं होतं. उंच, ठसठशीत, डोळ्यांत काजळ. वॉर्डातल्या खाटेवर एक लहानखुरी, पांढऱ्या केसांची बाई उजव्या अंगावर कलून पडली होती. तोंड वाकडं झालेलं. वाचा गेलेली, एकच शब्द शाबूत होता, “व्हय”. दुखतंय का, व्हय. दुखत नाही ना, व्हय. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटची सून तिला येता-जाता दोन घास भरवत होती. आई पायथ्याशी उभी राहिली. मग त्या सुनेला म्हणाली, “बाई, तुमचे उपकार झाले. आता मी आहे.”

मला तिथेच ओरडायचं होतं. वॉर्डात ओरडत नाहीत, म्हणून ओरडले नाही. जिन्यात आल्यावर बोलले. तिने आपल्याला काय केलं, ते सगळं सुरुवातीपासून सांगितलं, जणू आईला ते ठाऊक नव्हतं. आईने ऐकून घेतलं. मग पिशवीतून भाकरी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, “तू खाल्लं नसशील सकाळपासून.” मी भाकरी खाल्ली. त्याचाही मला राग आहे.

डिस्चार्ज मिळाल्यावर आईने तिला गावी नेलं.

त्यापुढचं सांगायला सोपं आहे, कारण ते रोज तेच असतं. दर थोड्या वेळाने कूस बदलायची, नाहीतर पाठीला जखमा होतात. पाठ पुसून पावडर लावायची. पेज पातळ नको, ठसका लागतो, घट्टही नको. डाव्या गालात घास ठेवायचा. उजव्या हाताची बोटं मुठीत वळतात, ती एकेक करून उघडायची आणि मध्ये कापडाची गुंडाळी ठेवायची. चादरी धुवायच्या. हे सगळं आई करायची आणि सुट्टीला गावी गेले की मी करायचे. मी ते नीट केलं. नीट करणं आणि मनापासून करणं यातला फरक त्या बाईला कळत असेल तर कळो, असं मला वाटायचं. ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे बघत राहायची. तिला माफी मागायची असती तरी मागता आली नसती. मला दोन शब्द सुनावायचे असते तरी उत्तर ठरलेलं होतं. इतकी वर्षं सांभाळलेला राग असा समोर येऊन पडावा आणि त्याला कूस बदलून द्यावी लागावी, यापेक्षा मोठी चेष्टा मी पाहिलेली नाही.

वस्तीला सुरुवातीला नवल वाटलं. बायका बघायला आल्या. “ताई, तुमचं काळीज मोठं,” असं म्हणून, चहा पिऊन, तिच्याकडे नीट बघून घेऊन गेल्या. मग येणं कमी झालं. मग आमच्या दारावरून जाताना लोक चर्चच्या घंटेकडे बघू लागले.

चर्चच्या मंडळीच्या पंच कमिटीचे सेक्रेटरी आमच्या पलीकडच्या घरात राहतात. निवृत्त मुख्याध्यापक, सगळी वस्ती त्यांना गुरुजी म्हणते. वडील घर सोडून गेले तेव्हा आमच्यामागे उभा राहिलेला माणूस तो हाच. माझ्या कॉलेजच्या ॲडमिशनला ते आईबरोबर नगरला आले होते. हे लिहायलाच हवं, कारण पुढे जे झालं ते एखाद्या दुष्ट माणसाने केलेलं नाही. ते चांगल्या माणसाने केलं. त्यामुळेच ते जास्त लागलं.

आमच्या मंडळीत लेंटच्या, म्हणजे ईस्टरआधीच्या उपवासकाळाच्या, शेवटच्या आठवड्यांत रोज संध्याकाळी घरप्रार्थना असते. आज या घरी, उद्या पुढच्या घरी. त्यासाठी मंडळीचं एक मोठं जाजम आहे, निळ्या-तांबड्या पट्ट्यांचं, जाड सुताचं. गुंडाळलं तरी एका माणसाला उचलत नाही. ज्या घरी काल प्रार्थना झाली, त्या घरच्यांनी दुपारी ते पुढच्या घरी नेऊन पोचवायचं, ही पद्धत. पुढच्या घरच्यांनी स्वतः आणायला जायचं नाही. वाट बघायची. जाजम दारात उतरलं की घर झाडायला घ्यायचं. लहानपणी मी ओट्यावर बसून त्या वाटेकडे डोळे लावायचे. घरात कर्ता पुरुष नसला, पोर फाटक्या फ्रॉकमध्ये असली, तरी जाजम यायचं. वडील गेल्याच्या पहिल्या वर्षी आईला भीती होती की या वेळी येणार नाही. आलं. दुसरं टोक गुरुजींच्या खांद्यावर होतं.

घरांचा क्रम वर्षानुवर्षं तोच. आमच्या गल्लीत आधी मावशीचं घर, मग आमचं, मग गुरुजींचं. मावशी म्हणजे शेजारची म्हातारी. नात्याने कुणाचीच नाही, सगळ्यांची आहे. सून तिच्याजवळ असते.

या वर्षी त्या आठवड्यात मी रजा घेऊन गावी होते. आईची कंबर धरली होती आणि त्या बाईला उचलायला दुसरं कुणी नव्हतं. रविवारी उपासनेला मी आईला हात देऊन नेलं. पाळकसाहेबांनी कृपेवर उपदेश केला. कृपा म्हणजे जे आपलं येणं नाही ते मिळणं, असं त्यांनी बरंच खुलवून सांगितलं. उपदेश चांगला झाला. त्यानंतर सूचना झाल्या. गुरुजींनी चष्मा लावून आठवड्याच्या घरप्रार्थना वाचल्या. मावशीचं घर आलं. त्यापुढे त्यांनी स्वतःचं घर वाचलं.

मला वाटलं, ओळ चुकली. त्यांनी मान वर केली नाही, तेव्हा कळलं की चुकली नाही.

उपासना संपल्यावर आई पायऱ्यांखाली पाळकसाहेबांसाठी थांबली. ते तरुण आहेत, या गावात नवीन. गुरुजी त्यांच्या बाजूलाच होते.

“साहेब, आमचं घर राहिलं,” आई म्हणाली.

पाळकसाहेबांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी म्हणाले, “ताई, घरात आजारी माणूस आहे. गर्दीचा त्रास नको, म्हणून कमिटीने ठरवलं.”

“मागच्या वर्षी तुमच्या भावाच्या घरी झाली. ते तर ऑक्सिजनवर होते.”

“ते आपले होते.”

“बरं.”

“तसं नव्हे ताई,” गुरुजींनी आवाज खाली घेतला. “पोरंबाळं येतात. विचारतात ही कोण. काय सांगायचं? मंडळीने त्या घरात जाऊन गायचं म्हणजे झाल्या गोष्टीला मान्यता दिल्यासारखं होतं. तुम्ही करताय ते मोठंच आहे. ते तुम्ही करा. पण सगळ्यांना त्यात घेऊ नका.”

“थोडं समजून घ्या,” पाळकसाहेब म्हणाले. कोणाला उद्देशून, ते कळलं नाही.

आई म्हणाली, “उपदेश छान झाला, साहेब.” तिने तो टोमणा म्हणून म्हटलेला नव्हता. तिला खरंच आवडला होता. पाळकसाहेबांचे कान लाल झाले.

गुरुजी जे म्हणाले, ते मी महिनोन्महिने म्हणत आले होते. ती बाई या घरात नको. तिचं आपल्याकडे काही येणं नाही. फक्त शब्द वेगळे. माझं आणि त्यांचं म्हणणं एकच होतं आणि तेच मला सहन होत नव्हतं.

स्वयंपाकघरात आई पाटावर बसून कंबर दाबत होती. मी म्हटलं, “नाही आले तर नाही आले. चहाची भांडी तरी घासायला नकोत. तुला कशाला हवंय ते जाजम?”

ती उठायला गेली आणि परत बसली. मग म्हणाली, “मला हे झेपेनासं झालंय.”

“कंबर ना? मी डॉक्टरला...”

“कंबर नाही गं. ही.” तिने आतल्या खोलीकडे मान केली. “सकाळी उठते. हिचं तोंड बघते. वाटतं, तोंडावर उशी ठेवावी. मग म्हणते, देवा, आजचा दिवस करते हिचं. मग करते. संध्याकाळपर्यंत बरं असतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून. काल माफ केलेलं आज उरतच नाही.”

आईच्या तोंडून हे मी पहिल्यांदा ऐकत होते. इतके महिने मला वाटत होतं की तिला राग येत नाही. त्याचाच मला राग होता.

“एकटीने आणखी किती दिवस करू?” ती म्हणाली. “चार माणसं येऊन बसली असती, दोन गाणी झाली असती, तर पुढं रेटलं असतं मी. नाही आली, तर हिला सोडून येईन.”

“कुठे?”

“कुठेही. नगरच्या स्टँडवर.”

मी तिच्याकडे पाहिलं. ती गंमत करत नव्हती. आई कधी धमक्या देत नाही; तिने आयुष्यभर चौथीच्या वर्गाला शिकवलं, खोटी धमकी कशी वाया जाते हे तिला माहीत आहे. मला हवं होतं तेच होणार होतं. गुरुजींनी ओळ गाळली होती आणि ती बाई आमच्या घरातून जाणार होती. मला काहीच करायचं नव्हतं.

संध्याकाळी मावशीकडे प्रार्थना झाली. आई गेली नाही. गाण्याचा आवाज भिंतीपलीकडून येत होता. मी त्या बाईला पेज भरवत होते. पेटी वाजायला लागली तशी तिने मान तिकडे वळवली आणि घास गालातच राहिला. “गिळ,” मी म्हटलं. “व्हय,” ती म्हणाली आणि गिळला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी ओट्यावर चादरी वाळत घालत होते. मावशी आणि तिची सून जाजम घेऊन निघाल्या. पुढचं टोक मावशीच्या खांद्यावर, मागचं सुनेच्या. मी चादरीआड झाले. आमच्या दारावरून ते पुढे जाताना मला बघायचं नव्हतं.

पावलं दारात थांबली.

“आत्याबाई, पुढं, गुरुजींकडं,” सून म्हणाली.

“माहीत हाय मला कुठं ते.”

“मग चला की.”

“गुडघं धरल्यात माझं. हितवरच येनं हुतंय.”

“सकाळी दळणाला गेल्ता की पार गिरणीपोतुर!”

“ते सकाळी. आता दुपार हाय.” मावशीने खांदा झुकवला आणि जाजमाचं टोक आमच्या ओट्यावर टेकवलं. “टाक तू बी. का माझ्या मानंवर ठेवनार हायेस?”

“कमिटीनं सांगितलंय, आत्याबाई. गुरुजी रागावतील.”

“कमिटीला म्हनावं, गुडघं दे मला नवं. मग जाते फुडं.” तिने चादर बाजूला सारून माझ्याकडे पाहिलं. “लपतीस कशाला गं? तुझी आई कुठाय? तिला म्हनावं, झाडून घे. धूळ लई हाय तुमच्याकडं.”

ती वळली आणि गेली. चालण्यात लंगडेपणा अजिबात नव्हता.

आई उंबऱ्यात आली होती. तिने जाजमाकडे पाहिलं. काही न बोलता आत गेली आणि मला केरसुणीचा आवाज ऐकू आला. वाकून झाडत होती, त्या कंबरेने. मी आत जाऊन केरसुणी हिसकावून घ्यायला हवी होती, पण तेवढ्यात गुरुजी आले.

“जय ख्रिस्त,” ते म्हणाले. “जाजम चुकून इथे उतरलं वाटतं.”

“मावशीने ठेवलं.”

“म्हातारीला कोण सांगणार. चल, एक टोक धर. दहा पावलं तर आहे.”

मी चिमटे लावत राहिले.

“अगं, धर ना. घरात सगळे फरशी पुसून बसलेत.”

“नाही धरणार, गुरुजी.”

त्यांना पहिल्यांदा ऐकू आलं नसावं असं वाटलं. मी पुन्हा म्हटलं. त्यांनी चष्मा काढला. वर्गात फळ्यावर कुणी चुकीचं लिहिलं की ते असाच चष्मा काढायचे.

“नाताळात तूच मला चर्चच्या पायऱ्यांवर म्हणाली होतीस. आईला वेड लागलंय, गुरुजी, तुम्ही तरी समजवा. म्हणाली होतीस की नाही?”

“म्हणाले होते.”

“मग आता?”

“ते मी म्हणायचं. माझे वडील गेलेत. तुमचं काय गेलंय?”

“मी हे तुझ्या आईसाठी करतोय,” ते म्हणाले. आवाज चढला होता. “त्या बाईमुळे तुझ्या आईने काय सोसलं ते मी बघितलंय. तू लहान होतीस. तेव्हा कोण उभं राहिलं होतं?”

“तुम्ही.”

“मग!”

“तेव्हा तुम्ही आईला विचारत होतात, ताई, काय हवंय. रोज येऊन विचारत होतात. या वेळी विचारलंत?”

त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. आतली केरसुणी थांबली होती. आई ऐकत होती.

गुरुजींनी गल्लीत दोन्हीकडे पाहिलं, कुणी हाताशी सापडतं का म्हणून. दारं उघडी होती. एका दारातून रेडिओ ऐकू येत होता, दुसऱ्यातून कुकरची शिट्टी. माणसं घरात होती. बाहेर कुणी आलं नाही. मग त्यांनी स्वतःच वाकून एक टोक उचललं. ते खांद्यापर्यंत गेलं, दुसरं टोक ओट्यावर घासलं आणि सगळं पुन्हा खाली पडलं. धूळ उडाली. माझ्या ओल्या चादरीवर बसली.

“दुसरं टोक कुणीतरी धरायला हवं,” ते म्हणाले.

“हो,” मी म्हणाले.

ते गेले. मी चादर पुन्हा पिळली. मला बरं वाटलं नाही. माझा राग कमी झाला नाही. त्याला आणखी एक माणूस मिळाला, इतकंच. आत येऊन आईच्या हातातली केरसुणी घेतली आणि उरलेलं झाडलं.

संध्याकाळी सगळे आले नाहीत. मावशी सर्वांत आधी आली आणि जाजमाच्या मधोमध बसली. तिची सून आली. पेटीवाला आला, त्याने पेटी ठेवताना आतल्या खोलीकडे चोरून पाहिलं. आम्ही त्या बाईची खाट दाराशी ओढून घेतली होती, उशा लावून तिला टेकवून बसवलं होतं, आईने तिचे केस विंचरले होते. एकेक करून माणसं येत राहिली. काहींनी तिला सलाम केला, काहींनी भिंतीवरच्या कॅलेंडरला. पाळकसाहेब उशिरा आले. त्यांनी वाटेत काहीतरी ठरवलं असावं, कारण ते सरळ खाटेपाशी गेले आणि विचारलं, “प्रार्थना केली तर चालेल ना तुम्हाला?”

“व्हय,” ती म्हणाली.

गुरुजी आले ते गाणं सुरू झाल्यावर. आत आले नाहीत. ओट्यावर, बाहेरच, पायांत चपला तशाच ठेवून बसले.

दोन गाणी झाली. वाचन झालं. मग पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे विचारलं, कुणासाठी विशेष प्रार्थना करायची आहे का. अशा वेळी लोक परीक्षा सांगतात, लग्न सांगतात, बोअरला पाणी लागू दे म्हणतात. सगळ्यांना वाटलं, आई त्या बाईचं नाव घेईल. तिच्या तब्येतीसाठी.

आई म्हणाली, “माझ्यासाठी करा. मला हिचा राग येतो. रोज येतो. मी वरून सगळं करते, पण आत राग असतो. माझ्या मुलीलाही येतो. तिच्यासाठी पण करा.”

कुणी खोकलं. माझ्या रागाला असं जाजमावर आणून ठेवायची तिला काही गरज नव्हती. मी उठून जाणार होते, पण माझ्या बाजूला मावशी बसली होती आणि तिने माझा पदर मांडीखाली धरून ठेवला होता. त्या शांततेत खाटेवरून आवाज आला.

“व्हय.”

तिला काय म्हणायचं होतं, ते मला माहीत नाही. ती कशालाही तेच म्हणते. कुणीतरी हुंदका दिला तेव्हा मला त्या हुंदक्याचाही राग आला. इतके दिवस दारावरून जाताना घंटेकडे बघणारी माणसं होती ती. मग मावशीने प्रार्थनेला सुरुवात केली. ती देवाशी बोलते तेव्हा शेजाऱ्याशी भांडल्यासारखं बोलते. “देवा, तुझं तू बघ,” ती म्हणाली, “आमाला काय हे येत न्हाई. ह्या बाईनं ह्या बाईचं घर मोडलं, तुला माहीत हाय. आता ही तिचं हागनं-मुतनं काढती. हिला बळ दे. आमाला थोडी लाज दे.” बाहेर ओट्यावर चपला काढल्याचा आवाज आला. गुरुजी आत मात्र आले नाहीत.

चहा झाला. लेंट म्हणून चहाबरोबर काही ठेवलं नव्हतं. माणसं गेली. आई त्या रात्री शांत झोपली, असं मला लिहिता येणार नाही. ती कूस बदलायला नेहमीसारखीच उठली आणि उठताना कण्हली. सकाळी ती खाटेसमोर उभी राहून त्या बाईकडे बघत होती. मग म्हणाली, “चला. आजचा दिवस.” आणि पाणी तापत ठेवलं. स्टँडचा विषय तिने पुन्हा काढला नाही.

दुपारी जाजम पुढच्या घरी पोचवायचं होतं, म्हणजे गुरुजींच्या. ते आमचं काम होतं. एक टोक मी घेतलं. दुसरं घ्यायला मावशीची सून न बोलावता आली. “आत्याबाईंचं गुडघं अजून तसंच हायती म्हनं,” ती म्हणाली आणि हसू दाबलं. आई कंबरेवर हात ठेवून पुढे चालत होती.

गुरुजी व्हरांड्यात पेपर वाचत होते. आम्हाला बघून उठले. त्यांच्या बायकोने दार पूर्ण उघडलं. आम्ही जाजम उतरवलं.

“गुरुजी, जाजम,” आई म्हणाली. तिला दम लागला होता. ती व्हरांड्याच्या खांबाला टेकली. “संध्याकाळी आम्ही तिघी येऊ. एक खुर्ची लागेल.”

तिघी. मला हे आधी सांगितलेलं नव्हतं. त्या बाईला इथवर आणायचं म्हणजे कोण आणणार होतं, हेही विचारलेलं नव्हतं. मी आईकडे पाहिलं. तिने डोळे मिटले होते.

गुरुजींनी पेपरची घडी घातली, पुन्हा उलगडली. मग म्हणाले, “प्लास्टिकची आहे. चालेल?”

ते आईला विचारत होते, पण तिच्यात बोलायचा दम नव्हता.

“हात असलेली लागेल,” मी म्हणाले. माझा आवाज कडवट आला आणि मी तो तसाच येऊ दिला. “ती उजवीकडे कलते.”

ते आत जाऊन खुर्ची घेऊन आले. मी खुर्चीचा उजवा हात धरून हलवून पाहिला. सैल होता.

“दुसरी बघा,” मी म्हणाले.